गति आणि विद्युद्भारित कण : उदाहरणें सोडविण्याची रीति

पदार्थविज्ञानाच्या परीक्षेंत व्याख्या व नियम बिनचूक लिहिणारा विद्यार्थी उदाहरणाशीं येऊन थबकतो, हा अनुभव बहुतेक सर्व शिक्षकांचा आहे. न्यूटनचे तिन्ही नियम त्यास मुखोद्गत असतात; परंतु 'एक मोटार पनवेलहून निघाली' एवढे शब्द वाचतांच तो सूत्र शोधूं लागतो. कोणतें सूत्र लावूं, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. वास्तविक तो सर्वांत शेवटीं विचारावयाचा प्रश्न होय. पालकांनींही हा लेख वाचावा अशी इच्छा आहे. कारण मूल उदाहरणाशीं अडलें म्हणजे घरोघरीं उत्तरांचें आयतें पुस्तक आणण्याकडे धांव असते. त्या पुस्तकानें अडचण दूर होत नाहीं, झांकली मात्र जाते.

उदाहरणें शोधण्यासाठीं आपणांस दूर जावयास नको. भारतीय भूचुंबकत्व संस्था ही १९७१ सालीं स्वायत्त झालेली संशोधनसंस्था आपल्या नवीन पनवेलांत आहे, आणि तिची जुनी वेधशाळा आपल्याच जिल्ह्यांत अलिबाग येथें आहे. सूर्यापासून निघणारे विद्युद्भारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वास कसे हालवितात, हा तेथील अभ्यासाचा एक मोठा विषय. इयत्तेच्या पुस्तकांतील दोन प्रकरणें, एक गतीचें व एक विद्युद्भाराचें, तेथें एकत्र येतात. तीं आपणही एकत्र घेऊं.

प्रथम अगदीं साधें उदाहरण. खोपोलीहून बोरघाट चढून खंडाळ्यास जातांना एका मोटारीची चाल ताशीं ३० किलोमीटर व त्याच रस्त्यानें उतरतांना ताशीं ६० किलोमीटर होती; तर जाण्यायेण्याची सरासरी चाल किती? दहांपैकीं सात विद्यार्थी ४५ असें उत्तर देतात. तीस आणि साठ यांची बेरीज करून निम्मे केले कीं झालें! येथें 'सरासरी' ह्या शब्दानें त्यांस फसविलें. सरासरी चाल म्हणजे दोन चालींची सरासरी नव्हे. एकंदर अंतरास एकंदर वेळानें भागिलें म्हणजे जी येते ती. अंतर दिलेलें नाहीं म्हणून घाबरूं नये. तें ३० किलोमीटर आहे असें समजा (खरें अंतर ह्याहून पुष्कळ कमी आहे, पण उत्तरास त्यानें बाध येत नाहीं). चढण्यास एक तास लागला, उतरण्यास अर्धा. ६० किलोमीटर दीड तासांत, म्हणजे ताशीं ४०. मोटार संथ चालीनें अधिक वेळ चालली, म्हणून सरासरी संथ चालीच्या बाजूस झुकली. एवढा विचार ज्यानें केला त्यास ४५ हें उत्तर लिहवणारच नाहीं. आणि प्रश्नांत 'चाल' ऐवजीं 'वेग' असता तर? वेगास दिशा असते. मोटार निघाली तेथेंच परत आली, तिचें स्थानांतर शून्य. यास्तव सरासरी वेगही शून्य. एका शब्दाचा हा फरक आहे. प्रश्न दोनदां वाचा असें शिक्षक सांगतात तें ह्यासाठीं.

आतां खऱ्या इतिहासांतील एक उदाहरण घेऊं. १ सप्टेंबर १८५९ रोजीं रिचर्ड कॅरिंग्टन हा इंग्रज ज्योतिषी सूर्यावरील डागांचें चित्र काढीत होता. ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणें सकाळीं ११ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास त्या डागांजवळ एकाएकीं प्रखर तेज झळकलें व थोड्याच मिनिटांत मावळलें. दुसऱ्या दिवशीं पृथ्वीवर सर्वत्र होकायंत्रांच्या सुया अस्वस्थ झाल्या. तारायंत्राच्या तारांत आपोआप वीज खेळूं लागली. अमेरिकेंत बोस्टन व पोर्टलंड ह्यांमधील तारवाल्यांनीं आपल्या विद्युद्घटमाला सोडवून ठेवून नुसत्या त्या विजेवर संदेश पाठविले. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत त्या दिवशीं निरीक्षक डोळ्यांनीं यंत्रें वाचीत होते व आंकडे वहींत उतरीत होते. युरोपांतील कांहीं यंत्रांचे छायाचित्री लेख कागदाच्या बाहेर गेले. कुलाब्याचे हातानें लिहिलेले आंकडे मात्र राहिले. त्यांवरून, ह्याच आपल्या पनवेलच्या संस्थेंतील संशोधकांनीं परदेशीं सहकाऱ्यांसह २००३ सालीं असें दाखविलें कीं, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक त्या वेळीं मुंबईस सुमारें १६०० नॅनोटेस्लानें उतरला होता. शांत दिवशीं हा घटक कांहीं दशक नॅनोटेस्लांनींच वरखालीं होतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या वादळाची थोरवी कळेल.

प्रश्न असा : सूर्य पृथ्वीपासून १५ कोटि किलोमीटर दूर आहे, तर सूर्यावरून निघालेला कणांचा मेघ सरासरी किती चालीनें आला? अंतर आहे, वेळ काढावयाचा आहे. येथें खांचखळगा घड्याळांचा. ग्रीनिचप्रमाणें वादळास आरंभ २ सप्टेंबरच्या पहाटे पांचाच्या कांहींसा आधीं झाला. परंतु त्या क्षणीं मुंबईच्या स्थानिक घड्याळांत पावणेदहा वाजत आले होते, कारण मुंबई ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढें होती. एक वेळ लंडनची व दुसरी मुंबईची घेऊन वजाबाकी केली तर साडेबावीस तासांच्या आसपास उत्तर येईल, आणि सर्व उदाहरण वाहून जाईल. दोन्ही वेळा एकाच घड्याळानें घेतल्या म्हणजे साडेसतरा तास येतात. साडेसतरा तासांचे सेकंद ६३,०००. पंधरा कोटींस त्रेसष्ट हजारांनीं भागितां चाल सेकंदास सुमारें २,४०० किलोमीटर निघते.

एखादा चाणाक्ष विद्यार्थी येथें हात वर करील : "गुरुजी, कॅरिंग्टननें तेज पाहिलें तेव्हां प्रकाशास यावयासही वेळ लागलाच कीं!" शंका उत्तम आहे. प्रकाश सेकंदास ३ लक्ष किलोमीटर जातो, म्हणून त्यास ५०० सेकंद लागले. मेघ त्याच क्षणीं निघाला असें धरलें तर त्याचा वेळ ६३,५०० सेकंद होईल आणि चाल २,३८१ ऐवजीं २,३६२ येईल. दोन्ही आंकडे 'सुमारें २,४००' ह्या शब्दांत मावतात. वेळच जेथें 'साडेसतरा तासांच्या सुमारास' असा ठाऊक, तेथें उत्तरांत पांच दशांशस्थळें लिहिणें ही अचूकता नव्हे. गणनयंत्र जेवढे आंकडे दाखवील तेवढे उतरून काढण्याची खोड अलीकडे फार वाढली आहे. ती मोडलीच पाहिजे.

नेहमींचा सौर वारा इतका वेगवान नसतो. सेकंदास ४०० किलोमीटर ही त्याची सामान्य चाल. त्यास पृथ्वीपर्यंत यावयास ३,७५,००० सेकंद, म्हणजे चार दिवस व आठ तासांवर थोडा वेळ लागतो. हा वारा मुख्यत्वें प्रोटॉन व इलेक्ट्रॉन ह्यांचा बनलेला असतो. प्रोटॉनवर धनभार, इलेक्ट्रॉनवर तितकाच ऋणभार.

अशा कणांची गति काढावयाची तर विद्यार्थी बुजतात. कण दिसत नाहीं, त्याचें वस्तुमान दशांशचिन्हापुढील शून्यांच्या रांगेंत हरवलेलें, भारही तसाच. परंतु गंमत अशी कीं, बहुतेक उदाहरणांत भार व वस्तुमान हीं निरनिराळीं लागतच नाहींत. त्यांचें गुणोत्तर तेवढें लागतें. कारण त्वरण म्हणजे बल भागिलें वस्तुमान, आणि बल तर भाराच्या प्रमाणांत. प्रोटॉनचें हें गुणोत्तर दर किलोग्रॅमास ९ कोटि ५८ लक्ष कूलंब, आणि इलेक्ट्रॉनचें १७६ अब्ज कूलंब. हे दोन आंकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. जे. जे. टॉमसन यानें १८९७ सालीं केंब्रिज येथें मोजलें तें इलेक्ट्रॉनचें गुणोत्तरच. भार व वस्तुमान वेगळें करतां येण्यास आणखी कांहीं वर्षें लोटावीं लागलीं.

आधीं विद्युत्क्षेत्राचें उदाहरण पाहूं. तें तुम्ही दगडाच्या रूपानें पूर्वींच सोडविलेलें आहे. ४५ मीटर उंच कड्यावरून सेकंदास १० मीटर चालीनें दगड आडवा फेंकला, तर तो पायथ्यापासून किती दूर पडेल? आडवी गति व उभी गति एकमेकींस ओळखीत नाहींत, हीच येथील किल्ली. उभी गति म्हणते, ४५ मीटर पडावयास ३ सेकंद लागतात (गुरुत्वत्वरण १० धरून). आडवी गति म्हणते, ३ सेकंदांत मी ३० मीटर जातें. काम झालें.

आतां कड्याच्या जागीं धातूच्या दोन समांतर पट्ट्या घ्या : लांबी ४ सेंटिमीटर, मधलें अंतर २ सेंटिमीटर, दोहोंमध्यें १०० व्होल्टचा विभवभेद. त्यांमधून एक इलेक्ट्रॉन पट्ट्यांस समांतर, सेकंदास २ कोटि मीटर चालीनें शिरतो. बाहेर पडेपर्यंत तो आपल्या सरळ मार्गापासून किती ढळेल? आकृति काढा. लांबीच्या दिशेस कोणतेंही बल नाहीं, तेव्हां त्या दिशेची चाल बदलत नाहीं, ०.०४ मीटर जावयास लागणारा वेळ म्हणजे एका सेकंदाचे एक अब्ज भाग केले तर त्यांतील दोन. आडव्या दिशेस क्षेत्र १०० भागिलें ०.०२, म्हणजे मीटरास ५,००० व्होल्ट. त्यास १७६ अब्जांनीं गुणिलें कीं त्वरण ८ लक्ष ८० हजार अब्ज मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद येतें. ढळ म्हणजे त्वरणाच्या निमपटीस वेळाच्या वर्गानें गुणावयाचें, तो १.७६ मिलिमीटर भरतो. पट्टी एक सेंटिमीटर दूर आहे, तेव्हां इलेक्ट्रॉन तिला न धडकतां बाहेर जाईल. शेवटची ही तपासणी कोणी करीत नाहीं! उत्तर जर तीन सेंटिमीटर आलें असतें, तर प्रश्नच निराळ्या रीतीनें सोडवावा लागला असता, कारण तो कण पट्ट्यांमधून बाहेर पडलाच नसता.

ह्या उदाहरणांत गुरुत्वाकर्षण कां धरलें नाहीं? गुरुत्वत्वरण १०, विद्युत्त्वरण त्याच्या ८८ लक्ष कोटि पट. समुद्राच्या भरतींत एक थेंब मिळविल्यासारखें तें होईल. परंतु 'सोडून दिलें' असें लिहावें, आणि कां सोडलें तेंही एका वाक्यांत लिहावें. काय सोडावें हें ठरविणें हा उदाहरण सोडविण्याचा अर्धा भाग आहे.

चुंबकीय क्षेत्राची गोष्ट अधिक मजेची, व विद्यार्थ्यांस अधिक अवघड जाणारी. स्थिर कणास चुंबकीय क्षेत्र कांहींच करीत नाहीं. क्षेत्राच्या रेषेंतूनच जाणाऱ्या कणासही करीत नाहीं. आडव्या जाणाऱ्या कणावर मात्र तें बल लावतें, आणि तें बल कणाच्या वेगाशीं व क्षेत्राशीं दोहोंशींही काटकोनांत असतें. यावरून पुष्कळ मुलें असा तर्क करतात कीं, चाल वाढत नाहीं, कमीही होत नाहीं, तेव्हां त्वरण नाहीं. घाटांतील मोटारीचा येथें पुन्हां उपयोग होतो. वळणावर मोटारीचा कांटा चाळीसावरच असला तरी आंतील माणूस बाजूस कलतो. दिशा बदलली म्हणजे वेग बदलला, आणि वेग बदलला म्हणजे त्वरण आलेंच. बल सदैव काटकोनांत राहिल्यामुळें कण वर्तुळांत फिरतो. वर्तुळगतीस लागणारें बल व चुंबकीय बल समान मांडलें कीं त्रिज्येचें सूत्र निघतें : चाल भागिली (भार-वस्तुमान गुणोत्तर गुणिलें क्षेत्र). तें पाठ करूं नका. दर वेळीं दोन ओळींत काढा. पाठ केलेलें सूत्र परीक्षेच्या दिवशीं उलटें आठवतें.

आपल्या बाजूस पृथ्वीचें चुंबकीय क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लांहून थोडें अधिक आहे. सोईसाठीं ४० हजारच घेऊं, म्हणजे ०.००००४ टेस्ला. सेकंदास ४ लक्ष मीटर चालीचा प्रोटॉन ह्या क्षेत्रांत आडवा शिरला तर त्याच्या वर्तुळाची त्रिज्या किती? ९ कोटि ५८ लक्ष गुणिलें ०.००००४ म्हणजे ३,८३२. चार लक्षांस ३,८३२ नीं भागितां १०४ मीटर. सूर्यावरून चार दिवस धांवत आलेला कण आपल्या शाळेच्या मैदानाएवढ्या जागेंत गुंतून पडेल! त्याच चालीचा इलेक्ट्रॉन १,८३६ पट हलका. त्याचें वर्तुळ ५.७ सेंटिमीटर त्रिज्येचें, हातांत मावेल असें. कॅरिंग्टनच्या मेघाएवढी चाल, म्हणजे सहापट, घेतली तर प्रोटॉनची त्रिज्याही सहापट होते.

प्रत्यक्षांत सौर वारा जमिनीपर्यंत येत नाहीं. पृथ्वीचें क्षेत्र त्यास पुष्कळ वरच अडवितें. पृथ्वीच्या मध्यापासून दहा त्रिज्यांवर क्षेत्र भूपृष्ठावरील क्षेत्राच्या एक हजारांशाएवढेंच उरतें. तरी तेथें त्रिज्या हजारपट झाली तर १०४ किलोमीटर होईल, आणि पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटर आहे. म्हणजे अदृश्य कुंपणाच्या मानानें कणाचें वर्तुळ लहानच. अर्थात् एकट्या कणाचें हें गणित आहे. सूर्याचा मेघ आपल्याबरोबर स्वतःचें चुंबकीय क्षेत्रही आणतो, आणि त्याची दिशा दक्षिणेकडे असली म्हणजे कुंपणास भगदाड पडतें. मग १३ मार्च १९८९ रोजीं कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत झालें तसें होतें. तेथें वीजपुरवठा कोसळून साठ लक्ष लोक सुमारें नऊ तास अंधारांत होते. मे १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे मे २०२४ मध्यें झालेल्या वादळांत लडाखमधील हानले येथून आकाशाच्या कडेस तांबूस प्रभा दिसली, ती ह्याच कणांची करामत.

ह्या वर्तुळगतींत आणखी एक चमत्कार आहे. एका फेऱ्यास लागणारा वेळ काढतांना चाल वर एकदां येते व खालीं एकदां येते, आणि निघून जाते. वेगवान कण मोठ्या वर्तुळांत, मंद कण लहान वर्तुळांत. फेरा दोघांचाही एकाच वेळीं पुरा. आपल्या क्षेत्रांत प्रोटॉन सेकंदास सुमारें ६१० फेरे घेईल, मग त्याची चाल कांहींही असो. अर्नेस्ट लॉरेन्स याचा सायक्लोट्रॉन ह्याच गोष्टीवर उभा आहे. त्याबद्दल त्यास १९३९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

दिशेचें एक उदाहरण, हें तोंडीच सोडवावयाचें. पनवेलच्या आकाशांतून एक धनभारित कण सरळ खालीं येत आहे. तो कोणीकडे वळेल? पृथ्वीचें क्षेत्र येथें उत्तरेकडे व थोडें खालीं झुकलेलें असतें. खालच्या दिशेचा घटक कणाच्या मार्गांतच पडतो, त्याचें बल नाहीं. उत्तरेकडचा घटक तेवढा घ्यावयाचा. डाव्या हाताची तर्जनी उत्तरेस, मधलें बोट जमिनीकडे; आंगठा पूर्व दाखवील. म्हणजे धनभारित कण पूर्वेकडे वळतो, अर्थात् तो पश्चिमेच्या अंगानें आल्यासारखा दिसतो. विश्वकिरण पूर्वेपेक्षां पश्चिमेकडून अधिक येतात असें १९३३ सालीं मेक्सिकोंत मोजलें गेलें, व त्यावरून ते प्रायः धनभारित आहेत हें ठरलें. तीन बोटांनीं एवढा मोठा प्रश्न सोडविला! ऋणभारित कण असेल तर मधलें बोट उलट करावयास विसरूं नये. ह्या एका विस्मरणानें दर वर्षीं किती गुण बुडतात याची गणति नाहीं.

कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागेस कां नेली, हेंही उदाहरणच आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें (त्या ७ मे १९०७ रोजीं सुरू झाल्या), तेव्हां वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांजपुढें संकट उभें राहिलें. एक अँपिअर प्रवाहाच्या लांब सरळ तारेपासून एक मीटरवर २०० नॅनोटेस्ला क्षेत्र असतें. प्रवाह वाढला कीं त्या प्रमाणांत वाढतें, अंतर वाढलें कीं त्या प्रमाणांत घटतें. समजा, ट्रामचा प्रवाह १०० अँपिअर व यंत्र १०० मीटर दूर. क्षेत्र पुन्हां २०० नॅनोटेस्लाच! जेथें दशकांच्या फरकाचा शोध घ्यावयाचा, तेथें दर गाडीगणिक दोनशेंचा गोंधळ. अलिबाग सुमारें ३० किलोमीटर दूर, म्हणजे तीनशेंपट. तेथें हा उपद्रव एक नॅनोटेस्लाहूनही कमी उरतो. १९०४ सालीं अलिबागेस काम सुरू झालें, आणि मूस यांनीं दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले, जेणेंकरून जुन्या व नव्या आंकड्यांचा दुवा तुटूं नये. त्यामुळें कुलाब्याच्या १८५९ मधील आंकड्यांशीं आजच्या अलिबागच्या आंकड्यांची तुलना करतां येते.

सुटींत सोडविण्यासाठीं दोन उदाहरणें देतों. पहिलें : अल्फा कणाचा भार प्रोटॉनच्या दुप्पट व वस्तुमान जवळजवळ चौपट असतें, वर सांगितलेल्या क्षेत्रांत, त्याच चालीनें, त्याच्या वर्तुळाची त्रिज्या किती? (उत्तर सुमारें २०८ मीटर. कोणताही गुणाकार न करतां, केवळ गुणोत्तरावरून काढावें.) दुसरें : २ सप्टेंबर २०२३ रोजीं उडालेलें आपल्या देशाचें आदित्य-एल १ हें यान ६ जानेवारी २०२४ रोजीं पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेस १५ लक्ष किलोमीटरांवर आपल्या ठिकाणीं पोंचलें. सौर वारा आधीं त्यास लागतो, मग पृथ्वीस. सेकंदास ४०० किलोमीटर चालीचा वारा यानास लागल्यानंतर पृथ्वीस पोंचेपर्यंत किती वेळ मिळेल, आणि कॅरिंग्टनच्या मेघासारखा मेघ आला तर किती? (उत्तरें : साडेबासष्ट मिनिटें, आणि १० मिनिटें २५ सेकंद.) दुसऱ्या उत्तराएवढ्या वेळांत वीजमंडळाच्या अधिकाऱ्यास काय काय करतां येईल, त्याची यादी घरीं वडीलमाणसांच्या मदतीनें करून आणावी.